एका थेंबाचा हिशेब

मधुमेहाच्या उपचारात सर्वाधिक लिहून दिली जाणारी गोळी म्हणजे मेटफॉर्मिन. पाचशे मिलिग्रॅमची साधी गोळी मेडिकलच्या दुकानात दीड-दोन रुपयांना मिळते. ती गोळी काम करते आहे की नाही हे घरच्या घरी पाहायचे, तर ग्लुकोमीटरमध्ये खोचायची एक पट्टी लागते. ती देशी कंपनीची असली तर साधारण आठ ते बारा रुपयांना पडते, नावाजलेल्या परदेशी कंपनीची असली तर अठरा ते पंचवीस रुपयांना. बोट टोचायची सुई वेगळी, तिचे रुपया-दोन रुपये. दिवसाला दोन गोळ्या घेणाऱ्या माणसाने रोज एकदा साखर मोजायची ठरवली, तर औषधाच्या तिप्पट ते सहापट पैसे नुसत्या मोजण्यावर जातात.

घरातल्या इतर मोजमापांचे असे नसते. थर्मामीटर, वजनकाटा, रक्तदाबाचे यंत्र एकदा आणले की पुढची प्रत्येक मोजणी जवळपास फुकट. साखरेच्या बाबतीत मात्र प्रत्येक आकडा विकत घ्यावा लागतो आणि घेतला की ती पट्टी कचऱ्यात जाते. आयसीएमआरच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार भारतात मधुमेही माणसांची संख्या १० कोटी १० लाख आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्या उंबरठ्यावर आहेत. दिवाळी अंक आणि फराळाचे ताट एकाच वेळी हातात घेणाऱ्या घरांपैकी ज्या घरात कपाटाच्या खणात ग्लुकोमीटर नाही, अशी घरे आता शोधावी लागतील. या खरेदीचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. डॉक्टर ‘मधून मधून चेक करत जा’ म्हणतात, दुकानदार डबी देतो, आणि ‘मधून मधून’ म्हणजे किती, कधी आणि कशासाठी, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

मुंग्यांपासून मशीनपर्यंत

मधुमेहाचे निदान आपल्याकडे प्राचीन काळी मुंग्यांनी केले, असे म्हटले तर ती अगदीच अतिशयोक्ती होणार नाही. आयुर्वेदाच्या संहितांनी प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले, त्यातला एक मधुमेह. आणि रोग्याच्या मूत्राला मुंग्या लागतात ही खूण नोंदवून ठेवली. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये टॉमस विलिस या वैद्याने ती गोडी चाखून सांगितली. १७७६ साली लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने मूत्र आटवून खाली उरलेला पदार्थ साखरच आहे हे दाखवले. पण ‘आहे’ आणि ‘किती आहे’ यांच्यामधले अंतर ओलांडायला आणखी सव्वाशे-दीडशे वर्षे लागली.

ते अंतर सामान्य घरापुरते ओलांडले स्टॅन्ली बेनेडिक्ट या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाच्या निळ्या द्रावणाने. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला हा शोध आपल्याकडे कितीतरी वर्षे टिकून होता. साठी-सत्तरी ओलांडलेल्या वाचकांना न्हाणीघराच्या फळीवरची ती बाटली, परीक्षानळी, लाकडी चिमटा आणि स्पिरिटचा दिवा आठवत असेल. पाच मिलिलिटर निळे द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि उकळी. निळे राहिले तर साखर नाही; हिरवट झाले तर थोडी; मग पिवळे, नारिंगी, आणि शेवटी विटकरी. विटकरी रंग दिसला की घरात त्या दिवशी गोडाचे नाव निघत नसे.

ही तपासणी स्वस्त होती, पण तिला डोळे अर्धेच होते. रक्तातली साखर साधारणपणे १८० मिलिग्रॅमच्या वर गेली तरच मूत्रपिंडे ती लघवीत सोडतात. त्यामुळे १७० असो की ७०, द्रावण निळेच. शिवाय लघवी मूत्राशयात साठलेली असते, म्हणजे दिसणारा रंग काही तासांपूर्वीचा. आणि सर्वांत मोठी उणीव अशी की साखर धोकादायकपणे खाली गेली तर ते द्रावण काहीच सांगू शकत नसे. इन्सुलिन घेणाऱ्याला रात्री घाम फुटून भान हरपते ते साखर उतरल्यामुळे, आणि तेव्हा परीक्षानळीतला निळा रंग सारे ठीक असल्याचे सांगत असे.

१९५६ साली अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टमध्ये आल्फ्रेड आणि हेलन फ्री या रसायनशास्त्रज्ञ दांपत्याने उकळायची गरज नसलेली, लघवीत बुडवून रंग पाहायची पट्टी तयार केली. त्याच कंपनीने १९६५ साली रक्तासाठी पट्टी आणली. तिच्यावर रक्ताचा मोठा थेंब घ्यायचा, मिनिटभर थांबायचे, पाण्याने धुऊन टाकायचे आणि डबीवरच्या रंगांशी ताडून पाहायचे. रंगाची छटा डोळ्यांनी ठरवण्यात प्रत्येकाचे मत वेगळे पडे, म्हणून पुढे छटा मोजणारे यंत्र आले. ते किलोभराहून जड होते आणि दवाखान्यांसाठी बनवलेले होते.

ते यंत्र घरात कसे शिरले याची हकिकत मोजण्याच्या सगळ्या अर्थकारणाला लागू पडणारी आहे. रिचर्ड बर्नस्टीन हा न्यूयॉर्ककडचा अभियंता, लहानपणापासून टाइप १ मधुमेही. १९६९ साली त्याने या यंत्राची जाहिरात पाहिली. कंपनी रुग्णाला यंत्र विकायला तयार नव्हती. ते डॉक्टरांसाठी होते. त्याची बायको डॉक्टर होती, म्हणून यंत्र तिच्या नावावर मागवले गेले. किंमत साडेसहाशे डॉलर. दिवसातून अनेकदा साखर मोजून, त्याप्रमाणे जेवण आणि इन्सुलिन बदलून त्याने स्वतःची तब्येत सावरली. हे सांगणारे त्याचे लेखन वैद्यकीय नियतकालिके छापेनात, तेव्हा तो चाळिशी उलटल्यावर वैद्यकीय महाविद्यालयात गेला आणि डॉक्टर झाला. रुग्णाने स्वतःची साखर स्वतः मोजावी, ही आज दुकानदारही सांगतो ती गोष्ट त्या काळी आगाऊपणाची होती.

१९८७ साली पेनाच्या आकाराचे यंत्र आले. त्यामागे इंग्लंडमधल्या क्रॅनफील्ड आणि ऑक्सफर्ड इथल्या संशोधकांचे काम होते. त्यात रंग पाहायचा नव्हता, वीज मोजायची होती. आजची जवळपास सगळी यंत्रे त्याच तत्त्वावर चालतात.

पट्टीत असते काय?

प्लॅस्टिकचा एक तुकडा. त्याच्यावर कार्बनच्या किंवा धातूच्या शाईने छापलेल्या दोन-तीन रेघा. रेघांच्या टोकाशी ग्लुकोजवर काम करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, आणि विजेचे कण पुढे नेणारे एक रसायन. यांतले ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर ज्या बुरशीपासून काढतात, तिची ओळख आपल्याला स्वयंपाकघरात रोज होते: कांद्याच्या सालीखाली धरणारी ती काळी बुरशी. रक्ताचा मोहरीहून लहान थेंब पट्टीने ओढून घेतला की विकर ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन काढते, ते रेघेवरून यंत्रात जातात, यंत्र तो प्रवाह मोजते आणि पाच सेकंदांत आकडा दाखवते. पट्ट्यांवरच्या रेघा पुष्कळ ठिकाणी स्क्रीन प्रिंटिंगने छापल्या जातात. लग्नपत्रिका छापण्याचेच ते तंत्र, फक्त फार काटेकोर. लाखोंच्या संख्येने छापली की एकेक पट्टी बनवण्याचा खर्च कमी होत जातो.

मग ती इतकी महाग का? उत्तर यंत्राच्या खाचेत आहे. एका कंपनीची पट्टी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात चालत नाही, अनेकदा त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलमध्येही चालत नाही. प्रिंटर स्वस्तात द्यायचा आणि शाईच्या डब्यांवर पैसे काढायचे, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. ‘दोन डब्या घ्या, यंत्र मोफत’ ही भेट नसते. ती पुढच्या पाच वर्षांच्या खरेदीची सही असते. यंत्र घेताना लोक पडदा केवढा, मोबाइलला जोडता येते का, हे पाहतात. पाहायला हवा तो पट्टीचा भाव, आणि ती पट्टी आपल्या गावातल्या दुकानात मिळते का एवढेच. छापील किंमत आणि प्रत्यक्ष विक्रीची किंमत यांत मोठी तफावत असते, म्हणून छापील किमतीवरची ‘सूट’ पाहून भुलण्यात अर्थ नाही. सगळे भाव एका पट्टीला किती, या एकाच मापात आणून पाहावेत.

स्वस्त पट्टी बनू शकते, हे आपल्याकडे दाखवून झालेले आहे. जानेवारी २०१४ मध्ये आयसीएमआरच्या मदतीने विकसित झालेली दोन देशी ग्लुकोमीटर केंद्रीय आरोग्यमंत्र्यांच्या हस्ते जाहीर झाली. एक मुंबईच्या तरुण उद्योजकांचे, दुसरे बिट्स पिलानीच्या हैदराबाद शाखेतले. यंत्राची किंमत पाचशे ते आठशे रुपये आणि पट्टीची दोन ते चार रुपये सांगितली गेली. त्या भावाची पट्टी आज शेजारच्या मेडिकलमध्ये मागून पाहावी. माझ्या मते यात तंत्राचे अपयश फारसे नाही. चार रुपयांची पट्टी विकण्यात दुकानदाराला, घाऊक विक्रेत्याला आणि जाहिरात करणाऱ्याला उरते ते इतके कमी की ती फळीवर टिकायची तर सरकारनेच मोठी खरेदी करावी लागते. तशी मागणी मागे उभी नसेल, तर शोध जाहीर होतो आणि बाजार आपल्या वाटेने जातो.

सरकारने किमतीत हात घातलाच नाही असे नाही. जुलै २०२१ मध्ये औषधांच्या किमती ठरवणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणाने पाच उपकरणांवर विक्रीसाखळीतल्या नफ्याची मर्यादा घातली. त्यांत ग्लुकोमीटरही होते. वितरकाला जो भाव पडतो त्याच्या सत्तर टक्क्यांहून जास्त भर घालायची नाही, असा तो नियम. शंभराला मिळालेली वस्तू कर सोडून एकशे सत्तरच्या वर जाऊ नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. दहा रुपयांच्या पट्टीमागे बासष्ट पैशांचा फरक. स्वागतार्ह आहे, पण कर कमी झाला तरी खाच तीच राहते.

डबीवरचा भाव आणि खरा भाव

पट्टीचा भाव ठरवताना एक गोष्ट बहुतेक घरांत निसटते. अनेक कंपन्यांच्या पट्ट्या डबी उघडल्यापासून तीन महिन्यांत वापरायच्या असतात. काहींना सहा महिने चालतात, काहींना छापील एक्सपायरीपर्यंत. हे डबीतल्या बारीक अक्षरांच्या कागदावर असते. आता समजा, एखाद्या बाई आठवड्यातून एकदाच तपासतात. तीन महिन्यांत तेरा पट्ट्या. त्यांनी स्वस्त पडते म्हणून पन्नासची डबी पाचशे रुपयांना घेतली, तर उरलेल्या सदतीस वाया जाणार, आणि कागदावर दहा रुपयांना असलेली पट्टी त्यांना अडतीस रुपयांना पडली. पंचवीसची डबी पट्टीला पंधरा रुपये दराने, म्हणजे पावणेचारशेला घेतली असती, तर एका मोजणीचा खर्च एकोणतीस रुपये झाला असता. दोन्ही वेळा महिन्यातून एकदा कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर करून येणे कदाचित जास्त शहाणपणाचे ठरले असते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी साधारण तीनशे ते सहाशे रुपयांत होते आणि ती तीन-सहा महिन्यांतून एकदाच लागते. अशा अडतीस रुपयांच्या तेरा मोजण्यांच्या पैशात ती एकदा बसते.

ओलावा हा पट्टीचा दुसरा शत्रू. डबीच्या झाकणात ओल शोषणारा पदार्थ असतो, म्हणून पट्ट्या दुसऱ्या डबीत काढून ठेवू नयेत, झाकण उघडे टाकू नये, आणि फ्रीजमध्येही ठेवू नयेत. कोकणातल्या जुलै महिन्यात मिठाचे जे होते तेच पट्टीवरच्या विकराचे होते, फक्त ते दिसत नाही.

आता आकड्याविषयी. यंत्राच्या पडद्यावर १८७ असे ठाम उमटते, म्हणून तो आकडा ठाम असतो असे नाही. या यंत्रांसाठी २०१३ चे जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यानुसार शंभर किंवा त्याहून अधिक साखर असेल तर शंभरातल्या पंचाण्णव वाचनांत चूक पंधरा टक्क्यांच्या आत असली की यंत्र उत्तीर्ण. म्हणजे खरी साखर २०० असताना यंत्राने १७० दाखवले काय किंवा २३० दाखवले काय, ते नियमात बसते. काल १८२ होती आणि आज २०५ झाली म्हणून घरात जो गोंधळ उडतो, कालचे जेवण आठवून कुणाला तरी दोषी ठरवले जाते, तो फरक पुष्कळदा यंत्राच्या मर्यादेतला असतो. लगेच दुसरी पट्टी, मग लॅबमध्ये धाव, मग शेजाऱ्यांच्या यंत्रावर पडताळा: या सगळ्या पट्ट्या अविश्वासाच्या खात्यात जातात.

आंबा चिरून किंवा करंजी मोडून झाल्यावर हात न धुता बोट टोचले, तर बोटावरची साखरही मोजली जाते आणि आकडा भलताच वर जातो. साबणाने हात धुणे, पूर्ण कोरडे करणे आणि बोटाच्या टोकाऐवजी कडेला टोचणे, यांना पैसे पडत नाहीत. काटकसर म्हणून बरेच जण स्वतःची सुई पुन्हा वापरतात. ती बोथट होते आणि जास्त दुखते. पण एकच सुई नवरा-बायकोने किंवा मायलेकींनी वापरणे ही काटकसर नव्हे. कावीळ ब सारखे आजार त्या वाटेने जातात.

आकड्याचे करायचे काय?

या लेखाचा खरा प्रश्न इथे येतो. पट्टीचे मोल तिच्यामुळे पुढे जो निर्णय बदलतो, त्यात असते. आकडा पाहून जेवण, गोळी, इन्सुलिन, चालणे यांतले काहीच बदलणार नसेल, तर पट्टी दोन रुपयांची असली तरी महाग आहे.

इन्सुलिन घेणाऱ्यांच्या बाबतीत पुरावा स्पष्ट आहे. १९८३ ते १९९३ या काळात अमेरिका आणि कॅनडात टाइप १ च्या १४४१ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. ज्यांनी दिवसातून निदान चार वेळा साखर मोजून इन्सुलिनचे प्रमाण बदलले, त्यांच्यापैकी ज्यांचे डोळे सुरुवातीला निरोगी होते त्यांच्यात दृष्टिपटलाचा विकार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. इथे पट्टी हा उपचाराचाच भाग आहे. किती युनिट टोचायचे हे तिच्याशिवाय ठरत नाही.

नुसत्या मेटफॉर्मिनसारख्या गोळ्यांवर असलेल्या टाइप २ च्या रुग्णांचे चित्र वेगळे. २०१७ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या एका अभ्यासात अशा ४५० रुग्णांचे तीन गट केले: एक गट घरी मोजणारच नाही, दुसरा रोज एकदा मोजेल, तिसरा रोज मोजेल आणि त्याला यंत्राकडून सल्लाही मिळेल. वर्षअखेर तिन्ही गटांच्या एचबीए१सीमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही, जगण्याच्या गुणवत्तेतही नाही. त्याआधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्षही असाच होता: सुरुवातीच्या सहा महिन्यांत किंचित फायदा, वर्षभरात तोही ओसरतो. इंग्लंडच्या अधिकृत मार्गदर्शक तत्त्वांत म्हणूनच अशा रुग्णांना सरसकट घरी मोजायला सांगू नये असे म्हटले आहे.

याचा अर्थ त्यांनी यंत्र भंगारात द्यावे असा नाही. अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका अभ्यासात रुग्णांना दर तिमाहीत फक्त तीन लागोपाठचे दिवस, दिवसाला सात वेळा मोजायला सांगितले: प्रत्येक जेवणाआधी, नंतर आणि झोपताना. तो तक्ता घेऊन डॉक्टरांकडे जायचे आणि डॉक्टरांनी त्यावरून औषध बदलायचे. तिथे फायदा दिसला, माफक पण खरा. (त्या अभ्यासाचा खर्च पट्ट्या बनवणाऱ्या कंपनीने केला होता, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा.) तिमाहीला एकवीस पट्ट्या म्हणजे रोज सकाळी सवयीने टोचणाऱ्याच्या एक चतुर्थांशही नाहीत. रोज उपाशीपोटीचाच आकडा वहीत लिहिणारे पुष्कळ असतात. पोळी-भातानंतर, उपवासाच्या साबुदाण्यानंतर साखर कुठे जाते हे त्यांना वर्षानुवर्षे कळत नाही. खिचडी खाण्याआधी एक आणि दोन तासांनी एक अशा दोन पट्ट्या जे शिकवतात, ते महिनाभराची सकाळची रांग शिकवत नाही.

एक मोठा अपवाद इथेच नोंदवायला हवा. आपल्याकडे मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी फार चालते. ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो-नसो स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, त्यामुळे साखर खाली जाऊ शकते. एकादशी, नवरात्र, रमजान अशा काळात ही गोळी नेहमीसारखीच घेणारे ज्येष्ठ लोक, मूत्रपिंड थोडे अशक्त झालेले लोक, यांना चक्कर, घाम, गोंधळ वाटला की त्या क्षणीची एक पट्टी सोन्याच्या मोलाची असते. म्हातारपणामुळे असे होते म्हणून जे सोडून दिले जाते, ते ५४ हा आकडा दिसला की सोडून देता येत नाही. गरोदरपणातल्या मधुमेहाचेही तसेच: मुदत काही महिन्यांची, आणि प्रत्येक आकड्याला आईच्या आहारात किंवा औषधात उत्तर.

कॅनडातल्या ऑंटारिओ प्रांताने हा सगळा विचार एका नियमात बसवला. तिथल्या सरकारी औषधयोजनेत १ ऑगस्ट २०१३ पासून इन्सुलिन घेणाऱ्याला वर्षाला ३००० पट्ट्या, साखर उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला ४००, आणि बाकीच्यांना २०० मिळू लागल्या. या तीन आकड्यांवर वाद घालता येईल. पण पैसे कुठे घालायचे हे कुणीतरी बसून ठरवले, हे महत्त्वाचे. आपल्याकडे ते खिसा ठरवतो. गोळ्यांवर असलेले निवृत्त अधिकारी रोज दोनदा मोजतात, आणि ज्याला इन्सुलिनच्या प्रत्येक सुईआधी मोजायला हवे ते मूल आठवड्यातून दोनदा.

दंडावर चिकटवायच्या सेन्सरविषयी इथे फार लिहीत नाही. चौदा दिवस चालणारा एक सेन्सर साडेचार-पाच हजारांच्या आसपास, म्हणजे वर्षाचा खर्च सव्वा लाखाच्या घरात. रात्रीची घसरण दाखवणारे ते यंत्र टाइप १ च्या घरांना वरदान आहे यात शंका नाही. पण शहरांत सध्या मधुमेह नसलेली, व्यायामशाळेतली तरुण मंडळी ते लावून इडलीचा आलेख काढताना दिसतात. हौस म्हणून ठीक आहे.

चार पट्ट्या आणि एक मूल

तीस किलो वजनाचे, टाइप १ मधुमेहाचे एक मूल घ्या. त्याला दिवसाला ढोबळमानाने तीस युनिट इन्सुलिन लागते, महिन्याला नऊशे. किंमत-नियंत्रणाखालच्या साध्या मानवी इन्सुलिनच्या कुपीत चारशे युनिट असतात आणि ती दीडशे ते पावणेदोनशे रुपयांच्या आसपास मिळते. महिन्याचा खर्च चारशेच्या आतबाहेर. आता दिवसाला चार पट्ट्या, महिन्याला एकशेवीस. स्वस्तातल्या दहा रुपयांच्या धरल्या तरी बाराशे, वीसच्या धरल्या तर चोवीसशे. मुलाला जिवंत ठेवणाऱ्या औषधाच्या तिप्पट ते सहापट रक्कम, त्याचे प्रमाण ठरवण्यावर. नव्या प्रकारचे महागडे इन्सुलिन असेल तर गुणोत्तर बदलते, एकूण रक्कम मात्र वाढतेच. हे गणित शेतमजुराच्या किंवा रिक्षाचालकाच्या घरात नेऊन ठेवले की काय होते, हे बालमधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात बसणारे डॉक्टर रोज पाहतात. इन्सुलिन सरकारी दवाखान्यातून किंवा एखाद्या संस्थेकडून मिळते. पट्ट्या संपलेल्या असतात.

महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्हींत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, पण त्यांचा भर रुग्णालयातल्या उपचारांवर आहे. मूत्रपिंडे निकामी झाल्यावरचे डायलिसिस त्यांत बसते. सडलेला पाय कापण्याची शस्त्रक्रिया बसते. घरी बोट टोचण्याची पट्टी बसत नाही. खासगी आरोग्यविम्याचीही रीत पुष्कळशी अशीच आहे. दुसरीकडे तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तपासणी करण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात उपकेंद्रांपर्यंत ग्लुकोमीटर पोचले आहेत, आशाताई घरोघरी जाऊन लोकांना बोलावून आणतात, आणि त्यातून न कळलेला मधुमेह सापडतो. म्हणजे आजार सापडेपर्यंतची पट्टी सरकारची, सापडल्यानंतरची ज्याची त्याची.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य सभेने २०३० साठी मधुमेहाची पाच उद्दिष्टे मान्य केली. त्यांतली चार ऐंशी किंवा साठ टक्क्यांची आहेत. पाचवे एकच शंभर टक्क्यांचे: टाइप १ च्या प्रत्येक माणसाला परवडणारे इन्सुलिन आणि घरी साखर मोजण्याची सोय. आयसीएमआरनेही त्याच वर्षी टाइप १ साठी पहिली स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. केरळमध्ये राज्याच्या सामाजिक सुरक्षा मिशनची एक योजना आहे, ती टाइप १ च्या मुलांना इन्सुलिनबरोबर मोजण्याचे साहित्यही देते. तिचे नाव ‘मिट्टायि’, म्हणजे मिठाई. टाइप १ ची मुले टाइप २ च्या प्रौढांच्या तुलनेत फार थोडी आहेत. महाराष्ट्राने आपल्या मुलांना दिवसाला चार पट्ट्या द्यायच्या ठरवल्या आणि त्या निविदा काढून ठोक भावाने घेतल्या, तर २०१४ साली जाहीर झालेला दोन-चार रुपयांचा भाव पुन्हा आवाक्यात यायला हरकत नाही. ठोक मागणी नव्हती हेच तर तेव्हाचे दुखणे होते.

तोवर ज्या घरात दिवसाला दोनच पट्ट्या परवडतात, तिथे डॉक्टर एक युक्ती शिकवतात. रोज त्याच वेळी मोजायचे नाही. सोमवारी नाश्त्याच्या आधी आणि दोन तासांनंतर, मंगळवारी दुपारच्या जेवणाच्या आधी आणि नंतर, बुधवारी रात्रीच्या. आठवड्याअखेर वहीच्या एका पानावर सगळ्या वेळा भरतात आणि त्यावरून सकाळचे, रात्रीचे इन्सुलिन थोडे हलवता येते. एखाददुसरी पट्टी त्यातूनही बाजूला ठेवायची असते, मूल मध्यरात्री घामाने भिजून उठले तर लागते म्हणून. पहाटे तीनची नेमाने करायची मोजणी मात्र या वह्यांत बहुधा कोरीच असते.